बेलबॉटमची पिशवी आणि ठाण्याची दुपार

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे, आणि पिशवी होण्याआधी मी एका माणसाची पँट होते. हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळलं तर तुम्ही फिदीफिदी हसाल आणि माझं बाकीचं ऐकणार नाही.

पंढरीनाथने लग्नासाठी कॉफी रंगाच्या टेरिकॉटची बेलबॉटम शिवून घेतली होती, ती मी. पायाशी इतका घेर होता की चालताना त्याचे बूट दिसत नसत. पुढे ती फॅशन गेली. पंढरीनाथचं पोट सुटलं आणि मी ट्रंकेत पडले. गिरगावातली एक खोली सोडून हे कुटुंब भाईंदर पूर्वेला गोडदेवला राहायला आलं, तेव्हा ट्रंक उघडली गेली. त्याच्या बायकोने, नीलिमाने, मला उन्हात धरून पाहिलं आणि कापड अजून चिवट आहे म्हणाली. मग कात्री चालवली. दोन पायांची एक पिशवी झाली, कमरेच्या पट्ट्याचे बंद झाले. मागचा खिसा तिने उसवला नाही. तो आतल्या बाजूला तसाच ठेवला, बटणासकट. रुमाल, सुट्टे पैसे, किल्ल्या त्यात राहायच्या.

माझं कौतुक झालं. झालं म्हणजे झालंच, खोटा विनय कशाला दाखवू? दहा किलो तांदूळ घातले तरी माझी शिवण हलत नसे. शेजारच्या शैलाताईंनी मला उलटीसुलटी करून पाहिलं आणि नवऱ्याची पँट जुनी व्हायची वाट बघत बसल्या. बाजारात सगळीकडे मी. मेथी, मासळी, रॉकेलचा डबा, पोरांच्या वह्या, सासरच्या माणसांसाठी न्यायचा खाऊ, सगळं माझ्या पोटातून गेलं. त्यात नीलिमाचं स्वतःचं काय होतं, असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, रुमाल.

आता ठाण्याच्या दिवसाचं सांगते. साल एक्क्याण्णव.

त्या इमारतीत नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही दुपारी, थोडा वेळ. पाणी आपोआप टाकीत पडत नसे. जिन्याखाली पंपाची खोली होती. आत जाऊन कॉक उघडावा लागे. नाही उघडला तर पाणी पुढच्या इमारतींना निघून जाई आणि आपण दोन दिवस कोरडे. आधी एकदा पंप चोरीला गेला होता, म्हणून लोखंडी दार बसवलेलं आणि त्याला हे एवढं कुलूप. एक चावी सेक्रेटरी ईश्वरभाईंकडे. दुसरी चावी घरोघर फिरायची, आठवड्याला एक घर. ज्या घरी चावी, त्या घरच्या बाईने त्या आठवड्यात दुपारी कुठे जायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नसे. बाईनेच का? पुरुष चर्चगेटला कचेरीत. झालं.

नीलिमाला एक दिवस हवा होता. कशासाठी? कशासाठीच नाही. तिला ठाण्याला जायचं होतं, एकटीने, बाजारात फिरायचं होतं, वाटलं तर घ्यायचं, नाही वाटलं तर नाही. चालताना मागून कुणी ओढणारं नको, पुढे कुणी थांबलेलं नको. ती हे कुणाला बोलली नव्हती. मला कळलं, कारण कितीतरी दिवस ती मला रिकामीच घडी घालायची आणि पुन्हा उलगडायची.

पण रिकाम्या कारणाने बाई घराबाहेर पडू शकत नाही. म्हणून तिने ठाण्यात राहणाऱ्या मावशीला आजारी पाडलं. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन. पंढरीनाथला तेच सांगितलं, स्वप्नील आणि क्षितिजाला तेच, आणि पोरांना दुपारी जेवायला घालणाऱ्या शैलाताईंनाही तेच. मावशी धडधाकट होती, घरी बसून दिवाळीचे डबे भरत होती.

चावी त्या आठवड्यात नीलिमाकडे होती आणि पाणी नेमकं त्याच दिवशी यायचं होतं. तिने विचार करून ठेवला होता. निघताना चावी शैलाताईंच्या हातात द्यायची. विसरू नये म्हणून ती माझ्या खिशात टाकली आणि बटण लावलं. जिन्यात शैलाताई भेटल्या. त्यांनी मायेने विचारलं की ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं आहे. मित्रांनो, नीलिमाला खोटं बोलायची सवय नव्हती. खोटं बोलायचं तर डोळा ठरवून ठेवावा लागतो, हे तिला माहीतच नव्हतं. ती गांगरली, उजवा म्हणाली, बस चुकेल म्हणाली आणि धावत खाली उतरली. चावी माझ्या खिशातच राहिली.

एस.टी. काशिमीऱ्यावरून घोडबंदरच्या रस्त्याला लागली. एका बाजूला डोंगराची झाडी, दुसऱ्या बाजूला मधूनच खाडी. नीलिमा खिडकीशी बसली होती. माझे बंद तिने मनगटाला गुंडाळले होते, इतके घट्ट की बोटं पांढरी पडली. ओळखीचं कुणी चढतंय का हे ती प्रत्येक थांब्यावर बघत होती. स्वतःच्या पायाने, स्वतःच्या साठवलेल्या पैशाने बाजाराला निघालेली बाई, आणि अवतार दागिने चोरून पळाल्यासारखा!

जांभळी नाक्याला उतरल्यावर आधी दंड भरणं झालं. दंड म्हणजे काय ते सांगते. स्वतःसाठी काही घ्यायच्या आधी तिने सगळ्यांसाठी घेतलं. पंढरीनाथला बनियन, स्वप्नीलला कंपासपेटी, क्षितिजाला रिबिनी, तळमजल्यावरच्या रसिकाच्या बाळाला झबलं. रसिकाच्या बाळाचं बारसं दुसऱ्याच दिवशी होतं. अख्खी इमारत जेवायला होती. हे सगळं माझ्यात भरल्यावर तिचा हात पहिल्यांदा जरा सैल झाला.

मग चपलांचं दुकान. तिला हव्या होत्या थोडी टाच असलेल्या, पट्ट्याच्या, हिरव्या. दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं आणि पाय मागितला. तिने पाय मागे घेतला. रोज पाण्यात उभं राहून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यात काळं भरलं होतं. दुकानदार हिंदीत म्हणाला, "बहेनजी, सबके ऐसेच होते हैं, दिखाओ." तो सहज म्हणाला. तिला मात्र रडू आलं. तिने चपला घेतल्या. माझ्या तळाशी घातल्या आणि वरून बनियन, झबलं, सगळं पसरलं. नंतर मेथीची जुडी घेतली, तीही वर ठेवली. घरी कुणी डोकावलं तर आधी मेथी दिसावी!

भूक लागली म्हणून ती एका हॉटेलात शिरली. पोऱ्याने फॅमिली रूमकडे बोट दाखवलं आणि किती जण विचारलं. ती म्हणाली, एकटीच. त्याने मागे वाकून पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. फॅमिली रूममध्ये लाकडी फळ्यांच्या आड ती बसली. तिने मिसळ मागवली. मिसळ तिखट होती, नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. रुमालासाठी तिने माझ्या खिशात हात घातला आणि हाताला चावी लागली.

तिने चावी बाहेर काढून टेबलावर ठेवली, मिसळीच्या बशीशेजारी. 

आता नीट ऐका, कारण सगळं इथे आहे. भिंतीवर घड्याळ होतं. पाणी यायला वेळ होता. ती तडक उठली असती, एस.टी. धरली असती, तर वेळेच्या आत गोडदेवला पोचली असती. ईश्वरभाई गावाला गेलेत, दुसरी चावी त्यांच्याबरोबर गेली आहे, हेही तिला ठाऊक होतं. ती अर्धवट उठलीसुद्धा. माझे बंद खांद्यावर घेतले. मग पुन्हा बसली. पोऱ्याला हाक मारून म्हणाली, "एक पीयूष आण."

तुम्ही म्हणाल, वाईट बाई. म्हणा. मी तिची वकिली करत नाही. चूक ती चूक. पण मी तिच्याबरोबर इतकी वर्षं बाजारहाट केली आणि भूक भागल्यावर नुसत्या हौसेने काही मागवताना तिला पहिल्यांदाच पाहिलं. ती पीयूष घोट घोट प्यायली. प्रत्येक घोटाला तिची नजर चावीकडे जात होती. मग तिने चावी खिशात टाकली, बटण लावलं आणि तलावावर गेली.

तलावपाळीच्या बाकावर तिने मला मांडीवर न घेता शेजारी ठेवलं. पायातल्या जुन्या चपला काढल्या. शेंगदाणे घेतले. बोटी फिरत होत्या. कुणीतरी आपल्या पोराला पाण्याजवळ जाऊ नको म्हणून ओरडत होतं, आणि ते पोर तिचं नव्हतं. ती बसून राहिली. इतकंच. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही. मला फक्त हात कळतात. बंदावरचा तिचा हात मधूनच सैल व्हायचा आणि मधूनच एकदम आवळायचा. एकदा तर ती अर्धवट मोठ्याने म्हणाली, आता आलं असेल. पाणी म्हणत होती ती. मग काही वेळाने म्हणाली, आता गेलं असेल. त्यानंतर उठली.

परतीच्या एस.टी.त तिने बाहेर पाहिलंच नाही.

इमारतीच्या फाटकाशी बायकांची रांग होती. हंडे, कळशा, कॅन. पाणी आलं तेव्हा चावी सापडेना. शैलाताईंनी नीलिमाच्या घरात डबान् डबा शोधला. कुलूप तोडायला माणूस आणेपर्यंत पाणी निघून गेलं होतं. इमारतीत उद्याचं बारसं आणि टाकीत थेंब नाही. रसिकाची सासू मंदाकाकी गुडघेदुखीने आधीच बेजार. ती दुपारपासून गोडदेवच्या जुन्या विहिरीवरून पाणी भरत होती, बाकीच्या तिच्याबरोबर. सगळ्यांची लुगडी ओली.

नीलिमाला वाटलं होतं, आता सगळ्या अंगावर येणार. कुणी आलं नाही. मित्रांनो, तेच फार वाईट झालं. शैलाताई पुढे धावल्या, मला तिच्या हातातून घेतलं, दमली असशील गं म्हणाल्या. पोरं जेवलीत, अभ्यास झालाय, काळजी करू नकोस. चावीचं काय, मावशीच्या टेन्शनमध्ये राहिली असेल, कुणाचंही होतं. रसिका बाळाला घेऊन दारात आली आणि म्हणाली की बारसं झालं की सगळ्या मिळून मावशींना बघायला जाऊ. एकीने तर नारळ आणायचं कबूलही केलं. आणि मंदाकाकीने पायरीवर जागा करून तिला बसवलं, आपल्या कळशीतून ग्लास भरला आणि तिच्या हातात दिला.

"आधी पाणी पी," मंदाकाकी म्हणाली. "मग सांग, डोळा कसा आहे?"

नीलिमाने ग्लास ओठांपर्यंत नेला. प्यायला असता घोट, तर सगळं तिथेच मिटलं असतं. आजारी मावशीने तिला पाठीशी घातलंच होतं. ग्लास खाली आला.

"मावशी बरी आहे," ती म्हणाली. "ऑपरेशनबिपरेशन काही नव्हतं. मी बाजारात फिरायला गेले होते. एकटी."

कुणाला कळेना. शैलाताई तर हसल्याच, थट्टा समजून.

"चावी पिशवीत आहे हे मला दुपारीच कळलं होतं. तेव्हा निघाले असते तर पोचले असते. नाही निघाले. पीयूष प्यायले. तलावावर बसले."

शैलाताईंच्या हातातली मी हळूच जमिनीवर टेकले. त्या म्हणाल्या, "कुठला डोळा म्हणून विचारलं मी तुला. उजवा म्हणालीस."

मंदाकाकीने हात पुढे केला. "ग्लास दे इकडे." नीलिमाने दिला. मंदाकाकी ते पाणी स्वतः प्यायली, सावकाश, शेवटपर्यंत. मग तोंड पुसून म्हणाली, "म्हणजे मी विहिरीवर, आणि तू तलावावर."

त्यावर कुणी हसलं नाही. मग तोंडं सुटली. हौस बघा. पोरं दुसऱ्याच्या गळ्यात घालून हिंडायचं. जीभ झडली असती का खरं सांगून जायला? नीलिमा खाली मान घालून ऐकत होती. शैलाताईंच्या या शेवटच्या बोलण्यावर मात्र तिने मान वर केली.

"काय सांगितलं असतं, शैलाताई? काय आणायला जातेस, असं विचारलं असतंत. काही आणायला नाही म्हटलं असतं, तर घेतली असतीत चावी ठेवून?"

शैलाताई खाली वाकून ओल्या लुगड्याचा काठ पिळायला लागल्या. मावशीचा डोळा क्षणात माफ झाला होता. पीयूष माफ होईना. पाणी दोन्हींत तेवढंच गेलं होतं.

नीलिमाने पदर खोचला, मंदाकाकीच्या हातातली कळशी घेतली आणि विहिरीकडे चालायला लागली. बारशाचं बाकीचं सगळं पाणी तिने भरलं. कुणी अडवलं नाही आणि कुणी मदतीला गेलं नाही. मी पायरीवर पडून होते. क्षितिजा येऊन माझ्याजवळ बसली, मेथी बाजूला केली, झबलं बाजूला केलं आणि चपला बाहेर काढल्या. आई कॅन घेऊन आली तेव्हा तिने विचारलं, कुणाच्या? नीलिमा म्हणाली, माझ्या. क्षितिजाने त्या परत तळाशी ठेवल्या, जपून, पण आईकडे पाहिलं नाही.

पंढरीनाथ घरी आला तेव्हा जिन्यातच त्याला सगळी हकिगत कळली होती. तो ओरडला नाही. ओरडणारा माणूस नाहीच तो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याने दोन खेपा केल्या. मग घरात येऊन म्हणाला, "मला का नाही सांगितलंस? मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं," नीलिमा म्हणाली. "पण एकटी कशाला, असं चारदा विचारलं असतं. आणि रविवारी आपण सगळेच जाऊ म्हणाला असता."

पंढरीनाथ पाय पुसत राहिला. तो असंच म्हणाला असता, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बारशाला गेली. नाही गेली तरी चाललं असतं, पण गेली, आणि भिंतीशी बसली. बाळ पाळण्याखालून एकीने द्यायचं आणि दुसरीने पलीकडून घेऊन वरून परत करायचं, अशी रीत. पलीकडे एक बाई कमी पडत होती. सगळ्या इकडेतिकडे बघायला लागल्या. मंदाकाकी फणकाऱ्याने म्हणाली, "बघता काय? तिला बसवा. पाणी तिनेच भरलंय." नीलिमा पुढे सरकली. बाळ हातात आलं. तिने झबल्यावरून हात फिरवला आणि बाळ परत दिलं.

म्हणजे तिला माफ केलं का? तर नाही. तिची थट्टा सुरू झाली. ती नुसती कोपऱ्यावर भाजीला निघाली तरी कुणीतरी गॅलरीतून विचारायचं, काय, मावशीला बघायला का? बायका हसायच्या, नीलिमाही हसायची. भांडण संपतं, थट्टा संपत नाही. वर्षानुवर्षं चालली. त्या थट्टेला भिऊन म्हणा, की स्वतःलाच लागलेल्या टोचणीने म्हणा, ती पुन्हा कधी एकटी गेली नाही. ठाण्याला गेली, पण लग्नाला, बारशाला, आणि मावशी खरोखरच आजारी पडली तेव्हा. प्रत्येक वेळी निघायच्या आधी चावी कुणाकडे आहे ते दोनदा विचारायची, चावी आपल्याकडे नसतानाही.

पुढे दुकानदार फुकट प्लॅस्टिकच्या पिशव्या द्यायला लागले आणि माझं काम संपलं. दारामागच्या खिळ्यावर मी आहे. माझ्यात आता कांदे असतात, कधी जुन्या रद्दीचे तुकडे. पाण्याची पाइपलाइन वाढली, चावी फिरायची बंद झाली, ईश्वरभाई जागा विकून पलीकडच्या इंद्रलोक वसाहतीत राहायला गेले. क्षितिजा कॉलेजात जाते. मैत्रिणींबरोबर, कधी एकटी, ठाण्याला काय आणि दादरला काय, मनात आलं की निघते. तिला कुणी कारण विचारत नाही. चांगली गोष्ट आहे. परवा ती अशीच निघाली होती, तेव्हा नीलिमाने स्वयंपाकघरातून विचारलं, तलावावर अजून बसायला बाक आहेत का गं? क्षितिजा केसांना क्लिप लावत आहेत म्हणाली आणि गेली. दार माझ्यासकट आपटलं.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मी नाही सांगणार. मी कापड आहे. माझे कांदे ओता आणि माझं पायपुसणं करा, माझी हरकत नाही. पण तुमच्या घरात कुणी बाकांची चौकशी केली, तर नुसतं आहेत म्हणून जिना उतरू नका. परत फिरा. तिला म्हणा, तू जा, मी घर बघतो, मी घर बघते. कशाला जातेस ते विचारू नका. प्रेमापोटीसुद्धा तिच्याबरोबर जाऊ नका. आणि ती परत आली की काय आणलंस म्हणत तिच्या पिशवीत हात घालू नका.